वेंडेलची गाडी

४ जानेवारी, रविवार

पोहोचलो एकदाचा स्टिलवेलला. चाळीस वर्षं ओंडक्यांचा ट्रक हाकला, तेव्हा कायद्याने रोज वही भरावी लागायची: किती वाजता निघालो, कुठे थांबलो. आता विचारणारं कुणी नाही, पण हाताची खोड जात नाही. म्हणून ही वही. हिच्यात मी वाटेल ते लिहिणार.

गाव म्हणजे एक रस्ता, एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि बर्निसचं मासेमारीच्या गळांचं दुकान. दुकानाच्या मागच्या खोलीत माझा मुक्काम. शेगडी आहे, पलंग आहे, खिडकीतून नदी दिसते. माझी बायको कारिन जिवंत असती तर आधी पडद्यांना नावं ठेवली असती. बर्निस चौऱ्याहत्तरची, काटक आणि फटकळ. मला पाहून म्हणाली, नोकरीच्या अर्जावरच्या फोटोत बरा दिसत होतास. मग मुकाट्याने शिंपल्यांच्या गरम सुपाचा मोठा वाडगा पुढे ठेवला. पाऊस दिवसभर चालू आहे. इथे म्हणे तो थांबला की लोक दचकतात. फार दिवसांनी मन हलकं वाटतंय.

६ जानेवारी, मंगळवार

कामाला लागलो. हिवाळ्यात समुद्रातून स्टीलहेड मासे नदीत चढतात, आणि त्यांच्यामागे शहरातून माणसं. गाईड उजाडता उजाडता वरच्या घाटावर होडी पाण्यात सोडतो, पुढच्या फळीवर दोन गिऱ्हाइकं बसवतो आणि दिवसभर वल्ही मारत नऊ मैल खाली जातो. होडी काही प्रवाह चढून परत येत नाही. तेव्हा त्याची गाडी आणि मागचा ट्रेलर अंधार पडायच्या आत खालच्या घाटावर हजर पाहिजे. हे माझं काम. किल्ली मागच्या चाकावर ठेवलेली असते. मी गाडी खाली नेतो, बर्निस तिच्या छोट्या मोटारीतून मागोमाग येते आणि मला पुन्हा वर आणून सोडते. अशा पाच फेऱ्या की सुटलो.

गाईड एकजात चेष्टेखोर. रँडी कोल्बर्ग त्यांचा म्होरक्या. म्हणाला, आर्विड, इथे माशाला माफी आहे, जंगली मासा आम्ही जपून परत सोडतो. पण गाडी विसरणाऱ्याला माफी नाही. सगळे खो खो हसले. बर्निस तेवढी हसली नाही.

सहावी एक गाडी आहे. तपकिरी, जुनी, दारांना गंज चढलेला. तिच्यावरून होडी कुणी उतरवत नाही. ट्रेलर रिकामा जातो, रिकामा येतो. ती मात्र बर्निस स्वतः चालवते आणि मी मागून तिच्या मोटारीत जातो. मला तिला हात लावू देत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

तपकिरी गाडीबद्दल रँडीला विचारलं. ती वेंडेल हॅस्किनची, म्हणाला. वेंडेल इथला सगळ्यात जुना गाईड, अकरा हिवाळ्यांपूर्वी नदीत गेला, सापडलाच नाही. मग रोज खाली कशाला न्यायची? रँडी दोरीची गाठ सोडवत राहिला. शेवटी म्हणाला, म्हातारीला विचारू नकोस हं. न्यायची म्हणजे न्यायची.

संध्याकाळी सगळ्या होड्या बाहेर निघाल्या, गाड्या गेल्या, तरी बर्निस खालच्या घाटावर थांबते. साडेचारला उजेड जातो. त्यानंतर ती तपकिरी गाडी वर नेऊन लावते आणि घरी येते तेव्हा तिचा चेहरा एखाद्या लेकुरवाळीसारखा मऊ असतो. तेवढ्या वेळात मी चेष्टा केली तरी चालते.

सिग्नेचा फोन आला. पोरीने माझ्या वाढदिवसाला रँडीची होडी ठरवली आहे, ३१ तारखेला, आम्हा दोघांसाठी. म्हणाली, बाबा, जन्मभर तू दुसऱ्यांचं ओझं वाहिलंस, आता एक दिवस तुला दुसरं कुणीतरी वाहून नेईल. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ नाक शिंकरत बसलो. तिच्या लहानपणी मी घरी कमी आणि रस्त्यावर जास्त होतो. त्याची भरपाई ती मला करून देते आहे, खरं म्हणजे मी तिला द्यायला हवी.

२१ जानेवारी, बुधवार

बर्निस दुकानाच्या पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. साठ मैलांवरच्या हॉस्पिटलात नेलं. गाडीत चढवताना कण्हायचं सोडून तिने माझी कॉलर धरली आणि म्हणाली, तपकिरी गाडी, आर्विड. एकही दिवस चुकवायची नाही. दुपारच्या आत खाली, अंधार पडल्यावर वर. मी शब्द दिला. तिने तो दोनदा वदवून घेतला.

२३ जानेवारी, शुक्रवार

एकट्याने सहा गाड्या म्हणजे हाडांचा खुळखुळा. सायकल गाडीत टाकायची, खाली उतरून नऊ मैल पावसात पायडल मारत वर यायचं, पुन्हा तेच. बासष्टाव्या वर्षी मांड्यांना कळा येतात.

एक गोष्ट लिहून ठेवतो. दोन्ही दिवस रात्र पडल्यावर तपकिरी गाडी आणायला गेलो, तर ट्रेलरवरून पाणी निथळत होतं. पाऊस असेल म्हणावं, तर शेजारची लाकडी फळी कोरडी. गाडीची सीटही ओली, तीन माणसं बसतील तेवढी. छत गळत असणार. उद्या बघतो.

२५ जानेवारी, रविवार

गुडघाभर बर्फ. एकही होडी उतरली नाही. रँडी म्हणाला, आज मासेसुद्धा अंथरुणातून उठले नसतील. मी गाडी नेली नाही. रस्त्यावर सायकल चालणं शक्य नाही, आणि बुडालेल्या माणसाची रिकामी गाडी एक दिवस जागची हलली नाही तर काही आभाळ कोसळत नाही. सूप केलं, शेगडीपाशी पाय पसरले, दोनदा डुलकी काढली. झकास दिवस.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी वरच्या घाटावर गेलो. बर्फात पावलं होती. खालून, रस्त्याने चालत आलेली, नऊ मैल. तळाला खिळे असलेले बूट, नदीत उभं राहायला घालतात तसले. एकाच माणसाची. तपकिरी गाडीला दोन फेऱ्या घातलेल्या. काचेवरचं बर्फ तळहाताने पुसून कुणीतरी आत डोकावलेलं. आणि मग पावलं सरळ पाण्यात गेलेली. पाण्यातून बाहेर आलेली कुठेच नाहीत, मी दोन्ही काठ शोधले.

गाडी लगेच खाली नेली.

दुपारी बर्निसचा फोन. रोज नेतोस ना? मी म्हणालो, हो तर. काल, बर्फात? हो, कालही. ती म्हणाली, देव तुझं भलं करो. धडधडीत खोटं बोललो. वय झालेल्या बाईला उगाच त्रास कशाला, असं मनाशी म्हणालो. खरं म्हणजे मला लाज वाटली.

२८ जानेवारी, बुधवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

बर्निस डॉक्टरांशी भांडून बाहेर पडली. रँडीने तिला चाकाच्या खुर्चीत बसवून थेट खालच्या घाटावर आणलं. मी तिथेच होतो. साडेचारला धुकं उतरलं. वरच्या वळणावरून एक होडी आली. हिरवी, लाकडी, हल्ली कुणाकडे नसते तसली. वल्ह्यांवर एक म्हातारा, लोकरीची टोपी. वल्ही पाण्यात पडत होती, पण आवाज नव्हता. पुढची फळी रिकामी होती.

बर्निसच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येत नाही.

म्हातारा गुडघाभर पाण्यापर्यंत आला, त्याने गाडीकडे पाहिलं, आणि उजेड गेला. होडी नव्हती. ट्रेलरवरून पाणी टपकत होतं.

मग तिने सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी वेंडेलच्या होडीत तिचे दोन मुलगे होते. डेल आणि वॉरन, सव्वीस आणि तेवीस. सुट्टीला आले होते. त्या दिवशी बर्फ पडत होतं, तिला वाटलं सहल रद्द झाली असेल, म्हणून ती गाडी न्यायला गेली नाही. संध्याकाळी ते घाटावर पोहोचले तर गाडी नाही, माणूस नाही, मुलं गारठलेली. दोन मैलांवर पूल आहे, म्हणून वेंडेल तसाच पुढे गेला. मध्ये पाण्यात पडलेल्या ओंडक्यांचा अडसर आहे, होडी तिथेच उलटली असणार. तिघांतलं कुणी सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी शोध घेताना पोलिसांनी गाडी खाली आणून लावली, आणि त्या संध्याकाळी तिने तिघांना होडीत येताना पाहिलं. धावत पाण्यात शिरली, तर हाताला नुसतं पाणी लागलं. पण पाहिलं. गाडी दिसली की वेंडेल थांबतो. नाही दिसली की पुढे जातो, त्या ओंडक्यांकडे.

मी अकरा हिवाळे रोज माझ्या पोरांना बघत होते रे, एवढंच म्हणाली. मग विचारलं, कोणता दिवस? मी सांगितलं, रविवार. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

निघताना रँडीला म्हणाली, वेंडेल रिकामी होडी घेऊन कधी गेलेला नाही. आता त्याच्याकडे दोन जागा आहेत.

२९ जानेवारी, गुरुवार

बर्निस बहिणीकडे राहायला गेली. दुकान बंद. मी दारापर्यंत गेलो होतो, बहीण म्हणाली, ती भेटणार नाही.

गाईडांनी होड्या काढल्याच नाहीत. मी म्हणताच रँडीने शनिवारची आमची सहल रद्द केली, एका शब्दाने कारण विचारलं नाही. मी सिग्नेला फोन केला, येऊ नकोस म्हणालो. कारण काय सांगणार? ती म्हणाली, शाळेच्या समारंभाला ट्रक, माझ्या लग्नाला ट्रक, आता ट्रक नाही तर नदी! मासे गेले खड्ड्यात, मी तुला भेटायला येणार आहे. मी म्हणालो, मग नदीवर जायचं नाही, थेट दुकानात ये, नऊ वाजता, मी दारात उभा असेन. बरं बाबा, म्हणाली. हसत होती.

३० जानेवारी, शुक्रवार

गाडी नेली. आणली. संध्याकाळी तो एकटाच. आज त्याने गाडीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळचे सात वीस. वरचा घाट. तपकिरी गाडी न्यायला आलो तर सिग्नेची मोटार इथे उभी आहे. कुलूपबंद. काचेवर चिठ्ठी. ती इथे चिकटवतो.

“बाबा, चिडू नको. पहाटेच निघाले, वाटेत घाट लागला म्हणून थांबले. एक म्हातारे गाईड आहेत, आज गिऱ्हाईक नाही बिचाऱ्यांना. तुला ओळखतात! म्हणाले, त्यांची गाडी तूच नेतोस. उजाडलं, आता थांबत नाही म्हणतात. तू खालच्या घाटावर ये. दुसरी जागा तुझ्यासाठी रिकामी ठेवायला सांगितली आहे. सिग्ने.”

साडेआठ. आधी रँडीला उठवून होडी काढायला लावली, मग गाडी खाली आणली. पन्नासचा वेग, बर्फावर. गाडी इथे आहे. गाडी इथे आहे. तो थांबेल.

सव्वा दोन. रँडी त्याच्या होडीतून सगळी नदी उतरून आला. नऊ मैल. कुणी नाही. काठावर काही नाही. सिग्नेचा फोन लागत नाही, या दरीत कुणाचाच लागत नाही. रँडीला पोलिसांकडे पाठवलं. बर्निसलाही सांग म्हणालो. तो म्हणाला, ती येणार नाही, आर्विड.

तीन पन्नास. मी बसून हिशेब जुळवतो आहे. गाडी इथे असली की ती येणार. पण येणार म्हणजे तेवढंच, दिसण्यापुरती. बर्निसची पोरं अकरा वर्षं येत होती. घरी एकदाही गेली नाहीत.

आणि ज्या दिवशी गाडी नसेल त्या दिवशी—

चार पंचवीस. धुकं.

होडी. वळणावर.

सिग्ने पुढच्या फळीवर. निळी टोपी. हात हलवते आहे. तिला काही कळलेलं नाही, ती खुशीत आहे, काहीतरी ओरडून सांगते आहे, ऐकू येत नाही. दोन्ही हात लांब करून दाखवते आहे, मासा केवढा होता ते. ओठ निळे पडलेत तिचे. शेजारची जागा रिकामी.

तो वल्ही उलटी मारून थांबला आहे. उजेड अजून गेलेला नाही. माझी वाट बघतो आहे.

तिला एकटीला नाही जाऊ देणार. आता नाही.

पण मी तिथे बसलो तर उद्या गाडी कोण— रँडीला घरदार आहे, एक दिवस तोही— एकच माणूस आहे जो कधी—

बर्निस, ही वही सीटवर ठेवतो आहे. तुझ्याकडे काही मागायला मला तोंड नाही. तुझी पोरं माझ्यामुळे गेली आणि मी तुझ्याशी खोटं बोललो. माझ्यासाठी नको. ती एकतीस वर्षांची आहे, तिचं नाव सिग्ने, तिने तुझं काही बिघडवलेलं नाही. उद्या दुपारच्या आत, बर्निस, आणि परवा, आणि बर्फ पडलं तरी, एवढी गाडी फक्त—