वांगं करपलं ती ओळ

गुरुवार संध्याकाळ, अमळनेर

दुपारीच धुळ्याहून आले. दिवाळी अंकाच्या संपादक कुसुमअक्का तिथे त्यांच्या स्वयंपाकघरातच माझी कथा वाचत बसल्या. गॅसवर भरताचं वांगं. आईच्या मरणाची दोन पानं वाचताना सारख्या उठून वांगं फिरवत होत्या. मग ती ओळ आली, आई गेल्यावरही तिच्या चष्म्यावर पीठ तसंच होतं, ती. अक्का उठायच्याच विसरल्या. वांगं करपलं.

"एवढं ठेव," म्हणाल्या. "बाकीचं परत लिही."

राग आला. ती दोन पानं मी रडत लिहिली होती! पण वांगं कशाला खोटं बोलेल?

घरी येऊन शेवट नव्याने लिहिला. गॅसवर वांगं ठेवलं आणि वाचत बसले.

वांगं सगळ्या बाजूंनी मस्त भाजलं.

शेवट फाडून टाकला.