सूर्य तापला की माझी छाती धडधडते

१७ एप्रिल २०२४. राजस्थान, सोलर प्लांट.
परत धडधड. मनगटावरच्या घड्याळात ठोके ११८. कारण मात्र घावलं. मोबाइलवर व्हिडिओ बघितला : सूर्यावर वादळ उठलं की हृदयावर परिणाम होऊ शकतो. पुढचं बघायच्या आत डेटा संपला, पण मुद्दा समजला. मी दिवसभर सूर्यासमोर सोलरच्या प्लेटा धुतो. मला नाही होणार तर कोणाला.
आज शरणम्माला लग्नाचं विचारणार होतो. मामाची पोरगी, अहमदपूरला दवाखान्यात ईसीजी काढते. आई म्हणली, बसवजयंतीपर्यंत बोल, नाहीतर निलंग्याचं स्थळ पक्कं करून राहिलेत. मामा सरपंच, पाणी, रस्ता सगळं ‘उदगीर जिल्हा झाला की’ म्हणून ढकलतो. माझ्याच बाबतीत घाई.
वादळात रिस्क नको. उद्या.

१९ एप्रिल
तिचाच फोन. १२४. म्हणली, इकडं टँकर चौथ्या दिवशी येतो, तू प्लेटांना किती पाणी घालतोस? मी म्हणलं, रोज तीन टँकर. म्हणली, प्लेट असते तर रोज आंघोळ तरी झाली असती.
इथंच विचारायचं होतं. मी सूर्याचं सांगितलं. ती म्हणली, तारीख-वेळ लिहून ठेव. म्हणजे संशोधनच की.

२२ एप्रिल, दुपारी
१२१. तिला फोन लावायला घेतला तेवढ्यात वादळ. संकल्प : दिवसाचा चहा अकरा कपांवरून चार.
किनवटचा रामकिशन शेजारच्या खाटेवर असतो. म्हणला, सूर्याला दुसरं गिऱ्हाईक न्हाई का रे? माफ केलं. तो पाचवी, मी सातवी. फरक पडतो.

२ मे
सूर्याच्या वादळांचं ॲप घेतलंय. ते म्हणतं सूर्य शांत. फोन लावला. रिंग जायच्या आधीच १३०. कट केला. ॲप बिघडलेलं दिसतं.
चहा बारा.

६ मे
नोंदींचा फोटो शरणम्माला पाठवला. तिलाही विज्ञानाचा फायदा व्हावा.

८ मे
उत्तर आलं. रविवारी एकही धडधड नाही, म्हणली. रविवारी मी घरी, बाबा शेजारी, म्हणून तू फोन लावत न्हाईस. सूर्य माझी ड्यूटी बघून तापतो का?
व्हिडिओ तिनं शेवटपर्यंत बघितला. त्यात म्हणे, अजून नक्की काही नाही, अन् काळजी असलीच तर आधीच दुखणं असलेल्यांची. तरी ईसीजी काढून पाठव म्हणली.

९ मे
काढला. नॉर्मल. मशीन जुनं होतं.

१० मे. बसवजयंती.
विचारलं. डोळे मिटून, एका दमात. ती म्हणली, हाव. निलंग्याला तर मी पाडव्यालाच न्हाई म्हणलं. आत्याला सांगितलं होतं, तुमच्या संगूला कळू देऊ नका, बघू विचारतो का.
म्हणजे वादळ आईनं उठवलेलं.

११ मे, रात्री ८
काल सूर्यावर लई मोठं वादळ. लडाखला आभाळ लाल झालं म्हणे. मी घोरत होतो. उठलो तेव्हा ७१.
संशोधन बंद. आपलं हृदय दगडी आहे, हे सिद्ध झालं.
फोन वाजून राहिलाय. मामाचा.
१३६. सूर्य तर मावळून तास झाला.