बांधून दिलेली कॉफी

धाकट्या मुई हुआला आशीर्वाद.

तुला थोरली बहीण आहे हे विसरलीस, म्हणून नातीकडून लिहवून घेतेय. मीच ती, दोघींतली देखणी.

इथे क्वालालंपूरला माझं छान चाललंय. घर एकविसाव्या मजल्यावर. कार्डाशिवाय लिफ्ट हलत नाही आणि कार्ड सुनेकडे. मी पडेन म्हणून जपते बिचारी.

रविवारी सगळे कोपीतियामात, खालच्या कॉफीच्या दुकानात, न्याहारीला गेलो. मी कॉफी बशीत ओतते न ओतते, तोच लेकाला घाई झाली. दुकानदार म्हणाला, "आजी, पिशवीत बांधून देऊ?"

"कुणाला? मी बांधलेलीच आहे!"

सगळे हसले. कॉफी घरी येऊन प्यायले.

तुझे गुडघे कसे आहेत?

टोस्टला लावायला तुझ्या हातचा नारळाचा जॅम पाठव. पण एकदम नको, एकेक बाटली पाठव आणि टपालवाल्याला खाली माझ्याच हाती द्यायला सांग. म्हणजे दर वेळी मला खाली न्यावं लागेल.