आईच्या आवाजाचा वेग

२१ ऑगस्ट ९९, शनिवार. सांगली
विंडोज पुसली. व्हायरसनं सी ड्राइव्ह आधीच खाल्ला होता, मी फक्त माती दिली. भूषणनं मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी दिली होती, ती टाकली. हा माझा मित्र, कुपवाडच्या कारखान्यात दिवसभर कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं काढतो, घरी जाऊन परत कॉम्प्युटरच. "टाक गड्या, हितं व्हायरसचं नाव न्हाई." काळा पडदा, पांढरी अक्षरं. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग यावर कसं करणार, देव जाणे. (देव नाही म्हणतो आपण. सवय.)
डी ड्राइव्ह वाचला. त्यातली एकच फाइल महत्त्वाची: आई.

२४ ऑगस्ट, मंगळवार
फाइल उघडत नाही.
९४ साली अक्काच्या धाकट्या मुलीच्या बारशाला आई पाळणा म्हणाली होती, स्वतः रचलेला. कॅमेऱ्यावर मीच. टेप साताऱ्याला अक्काकडे. मागच्या वर्षी आई गेल्यावर मी ती आणली, कॉम्प्युटरवर घेतली, टेप परत केली. भाऊजींनी तिच्यावर क्रिकेटची मॅच घेतली. त्यांना वाटलं, राजूनं काढून घेतलंय म्हणजे आता टेप मोकळीच.
मलाही तेच वाटलं होतं. म्हणजे आता जगात ही फाइल एवढीच.

२५ ऑगस्ट, बुधवार
हार्ड डिस्क काढून पिशवीत घालून भू.च्या ऑफिसला. तिथं विंडोजवर लावली. नाही. ज्या कार्डानं टेप आत घेतली, त्याच्या सीडीशिवाय उघडणार नाही म्हणे. ती सीडी शोधतोय घरी आल्यापासून. कपाट, माळा, आईची ट्रंक. ट्रंकेत तिचा चष्मा सापडला. बंद केली.

२९ ऑगस्ट, रविवार
आप्पांना सांगितलं. वडिलांना सांगायलाच लागलं. १० ऑक्टोबरला आईचं वर्षाचं पुण्यानुमोदन, आणि त्यांनी विहारात सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय की तिचा पाळणा लावणार. औंधाकडचे पाहुणे खास त्यासाठी येणार.
"मग आता?"
म्हटलं, कन्व्हर्जन करावं लागेल. एका जातीची फाइल दुसऱ्या जातीत.
आप्पा सुपारी कातरायचे थांबले. "कन्वर्जन? ते आमी केलं की छप्पनला."
मी हसलो. ते हसले नाहीत.
"आमी बदाललो तवा मागं ठेवण्यासारखं काय न्हवतंच आमच्यापाशी. तू बदालताना बघितलंस का, मागं काय ऱ्हातंय ते?"
जेवलो नाही नीट.

४ सप्टेंबर, शनिवार
विश्रामबागच्या सायबर कॅफेत दोन तास. शोधयंत्रात 'कन्व्हर्जन' टाकलं. पहिली पंधरा पानं चर्च, मिशन, अमकं धर्मांतर, तमकं धर्मांतर. कॅफेवाल्यानं खांद्यावरून वाचलं आणि माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. कपाळावर लिहून फिरावं का, बाबा रे, आमचं झालंय, मी व्हिडिओचं बघतोय?
शेवटी 'लिनक्स व्हिडिओ' असं शोधलं. एक्सअ‍ॅनिम नावाचा प्रोग्रॅम. सुटा मिळतो, घरी आणून आपणच बांधायचा. दोन फ्लॉप्या. घरी आल्यावर दुसरी फ्लॉपी वाचेना.

५ सप्टें., रवि.
परत कॅफे. तीन फ्लॉप्या, प्रत्येकीवर तेच. आता बघू कशी फसवते.

९ सप्टें., गुरु.
प्रोग्रॅम बांधायला 'मेक' म्हणायचं आणि बसायचं. ओळी धावतात, मग एरर. काहीतरी लायब्ररी नाही. ती सीडीवर सापडली. परत मेक. परत एरर. भू.ला फोन. "वाच की काय म्हणतंय ते! तू वाचतच न्हाईस." खरं आहे. शाळेपासून. विंडोजवर ओके दाबायची सवय, काय लिहिलंय ते वाचतो कोण.
वाचलं. एक फोल्डर चुकीचा होता. बस्स.

१० सप्टें., शुक्र.
दिसली!!
आई. हिरवं लुगडं, मांडीवर अक्काची पोरगी. चित्र अडखळतं, दर दोन सेकंदांनी एकदा पुढं सरकतं. आवाज नाही. ओठ एकदम मिटलेले, मग एकदम उघडे.
आप्पांना हाक मारली. उभ्यानंच बघितलं. बराच वेळ.
"मुकी केलीस की रं."

१४ सप्टें., मंगळ.
आवाजाचं कारण कळलं. फाइलच्या सुरुवातीला सगळं लिहिलेलं असतं: चित्र कसलं, आवाज कसला, सेकंदाला किती ठोके वाजवायचे. व्हायरसनं तो भाग कुरतडलाय, डी ड्राइव्हही पुरता वाचला नव्हता तर. म्हणजे आवाज आत आहे, पण किती वेगानं वाजवायचा ते कुणाला माहीत नाही. मी तेव्हा कुठला आकडा निवडला होता? आठवत नाही. ओके दाबलं असणार.

१९ सप्टें., रवि.
भू. आला होता. चित्र सोडून नुसता आवाज वेगळा काढला. त्याला सॉक्स म्हणून टूल आहे. आप्पा: "पायमोजं?" हो, पायमोजे.
आकडा आपण सांगायचा, तो त्या वेगानं वाजवतो. ४४१०० लावला. आई चिमणीसारखी चिवचिवली. भू. हसला, मग आप्पांकडे बघून घाईनं पुढचा आकडा टाकला. ११०२५. घोगरा पुरुष, झोपेतला. आप्पा उठून बाहेर गेले.
२२०५०.
"पाटीपेन्सिल घे गं बाई, दिवा लावून ठेवीन मी..."
भू. म्हणाला, "हाच." मला रडू आलं. आप्पा दारात होते. आत आले, मान हलवली. हो की नाही ते कळेना.

२० सप्टें., सोम.
सकाळी चहाला आप्पा: "कालचं जरा घाईचं हाय. ती सावकाश म्हनायची."
म्हटलं, आप्पा, कार्ड ठरावीक आकडेच घेतं. अकरा, बावीस, चव्वेचाळीस. अधलंमधलं नसतंच.
"तुझ्या कार्डाला काय ठावं?"

२६ सप्टें., रवि.
त्यांच्या समाधानासाठी खाली येत गेलो. २१५००. "आजून." २१०००. "आजून थोडं." २०५००. डोळे मिटून बसलेले. चाळीस वर्षं माधवनगरला मागावर काढली, कान बाद झालेत, मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. आणि इथं पाचशेचा फरक कळतो.
२००००. "ही."
मला ती आजारी वाटली.

३ ऑक्टो., रवि.
चित्राचा आधार घ्यावा म्हटलं. ओठ जुळतील तो वेग खरा. नाही जमत. चित्रं मधली मधली गळालीत, टेप घेतानाच गळाली असणार. एका मात्रेला ओठ बंद, पुढच्या मात्रेला ती पदर सावरतेय.
अडखळणारंच चित्र व्हीसीडीसाठी एमपेगात बदलायला लावलंय. सकाळी नवाला लावलं, दुपारी चारला साठ टक्के, साडेचारला वीज गेली. उद्या परत. मशीनला चिडून काय होणार? तरी चिडलो. भिंतीला लाथ घातली, अंगठा सुजलाय.

६ ऑक्टो., बुध.
साताऱ्याला फोन. अक्काला दोन्ही ऐकवले, फोन स्पीकरला धरून. २२०५० ला "अगं बाई, आईच की!" २०००० ला म्हणाली, "ही कोन? ही आपली आई न्हवं. आई कवा अशी रेंगाळायची? एका हातानं भाकरी, दुसऱ्या हातानं मला चापट."
आप्पा शेजारीच उभे. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तिला लगीन होऊन जाऊन वीस वर्सं झाली. तिला काय म्हाईत."

९ ऑक्टो., शनि.
भू.च्या ओळखीच्याकडे सीडी लिहून आणली. दोन्ही आवाज घातले, आधी बावीस, मग वीस. भू. विचारतो, उद्या कुठला लावायचा? म्हटलं, आप्पा म्हणतील तो. "आणि अक्का?" ती पण येणार. "मग तू सांग की. तू तिचा मुलगा हायस, आनी रेकॉर्डिंगवाला बी."
स्कूटरवर बसलो.

१० ऑक्टो., रवि.
वंदना झाली. भंतेजी बोलले. मग टीव्ही. मी वीस लावला. आप्पा पुढच्या रांगेत, हात जोडून. औंधाकडच्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. अक्का दुसऱ्या कडव्याला उठून बाहेर गेली. नंतर वाढायला उभी राहिली, पण माझ्याशी बोलली नाही. जाताना गाडीत बसल्यावर एवढंच: "लोकांम्होरं आईला आजारी करून दावलीस."

१२ ऑक्टो., मंगळ.
आप्पा आज आपणहून बोलले. "शेवटचं वरीस तिला लय दम लागायचा. पाळना म्हनायची तरी. संध्याकाळी माझ्यासाठीच म्हनायची. दोन शब्द झालं की थांबायची." मग, "मला ती तशीच ऐकू येती. काय करू?"
म्हणजे आप्पांची आई ९८ ची. (आप्पांची बायको. काय लिहितोय मी.) अक्काची ७९ ची. फाइल ९४ ची.
माझी कुठली?
बारशाच्या दिवशी मी तिच्यापासून चार हातांवर होतो. कानाला हेडफोन. डोळा व्ह्यूफाइंडरला. सुई लाल रेघेपर्यंत जातेय का ते बघत होतो. मधे एकदा हातानं खूण पण केली तिला, जरा मोठ्यानं म्हण म्हणून. ती घाबरून मोठ्यानं म्हणाली. आवाज नाही ऐकला मी, लेव्हल ऐकली.
आणि आता महिनाभर चिमणी, पुरुष, एकवीस, साडेवीस असं ऐकून ऐकून डोक्यातला पण गेला. डोळे मिटून आठवायला बसलो की सगळे वेग एकदम सुरू होतात.
आत्ता परत दोन्ही लावले. आधी बावीस, मग वीस. मग २१२०० लावून बघितला.
कळलं नाही.