लालबागच्या भिंतीवरचे चार मिलिमीटर

मी, गुणाजी सखाराम केळुसकर, वय वर्षे एकोणऐंशी, सेवानिवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार लालबाग, पहिला मजला, खोली क्रमांक १४, आज कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला परळच्या डॉ. प्रिती सामंत यांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, हवेतली आर्द्रता सांगितली आणि त्यांच्या दवाखान्यातला वजनकाटा सातशे ग्रॅम जास्त दाखवतो तेही सांगितले. "आजोबा, पुरे," असे म्हणून त्यांनी सही केली.

हे माझे पहिलेच मृत्युपत्र. त्यामुळे आधीचे रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. रद्द करायचा आहे तो एक वैज्ञानिक शोध, आणि तो मी कलम ४ मध्ये रद्द करीत आहे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक डॉक्टरबाई. दुसऱ्या, तळमजल्यावरच्या मसालेवाल्या श्रीमती जाईबाई धोंडू परब. त्यांनीच सही करावी असा माझा हट्ट आहे. त्या करतील की नाही, देव जाणे. सव्वीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

कलम १. खोली माझी मुलगी ऋता हिला. चाळ पाडून टॉवर होणार हे मी १९९७ पासून ऐकतो आहे. "पप्पा, बाल्कनी मिळेल," असे माटुंग्याहून दर रविवारी येऊन जावई सांगतात. बाल्कनी त्यांना लखलाभ. बँकेत जे काही उरेल तेही ऋताचेच.

कलम २. व्हर्नियर कॅलिपर, सोल्डरिंग आयर्न व बारीक पेचकसांचा डबा परळचे घड्याळवाले रामदास यांना. त्यांनी वस्तू उसनी नेली की ती पुसून परत देतात. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ज्या महाविद्यालयात मी चौतीस वर्षे घालवली, त्याला काही नाही. प्राध्यापक येत, जात. प्रत्येक नवा मला हळूच विचारी, "केळुसकर, हे चालू कसं करायचं हो?" निरोपसमारंभात मला छत्री मिळाली. ती उघडत नाही. ती शाल-श्रीफळासह परत करावी. श्रीफळ नवे घ्यावे, जुने खाल्ले.

कलम ३. माझी पत्नी कै. आनंदी हिची मसाल्याची बरणी ऋताने न्यावी. या घरात डिसेंबर १९९८ पासून जाईबाईंच्या मसाल्याचा कणही आलेला नाही, हे मी अभिमानाने नमूद करतो. आनंदी गिरगावहून मसाला आणी. चवीला तो सरस होता, हे मी खिडकीत उभा राहून मोठ्याने बोलत असे.

कलम ४. आता शोध.

माझ्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला लोखंडी कंस ठोकलेला आहे. त्यावरून केसाहून बारीक तार सोडली आहे, तारेला शिशाचे दोन गोळे आडवे बांधले आहेत आणि मध्ये छोटा आरसा. आरशावर दिव्याचा झोत टाकला की समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर प्रकाशाचा ठिपका पडतो. तार जराशी जरी पिळली तरी ठिपका सरकतो. हे यंत्र मी महाविद्यालयाने भंगारात काढलेल्या सामानातून घरी जोडले आणि रोज सकाळी सातला ठिपक्याची जागा वहीत लिहीत गेलो.

एप्रिल १९९९ मध्ये ठिपका चार मिलिमीटर सरकला. जूनमध्ये परत जागेवर आला. पुढल्या वर्षी तेच. त्याच्या पुढल्या वर्षी तेच! मी शिवडीची भरती-ओहोटी तपासली, चंद्र तपासला, गणपतीचे अकरा दिवस यंत्र बंद ठेवले. थर्मामीटरही लावला होता, पण समोरच्या भिंतीवर, कारण तिथे खिळा होता. शेवटी माझी खात्री पटली की सूर्याभोवती फिरताना पृथ्वी दर उन्हाळ्यात कसल्यातरी अदृश्य पदार्थातून जाते आणि ते जगात फक्त मला कळले आहे.

हितेंद्र तेव्हा आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला होता. माझ्या वह्या पाहून पोराच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने आलेख काढला, परदेशी नियतकालिकात छापला, त्यावर डॉक्टर झाला, आता जर्मनीत प्राध्यापक आहे. इतर देशांतल्या लोकांनी तसलीच यंत्रे बोगद्यांत बसवली. कोणालाच काही दिसले नाही. त्यांनी आपापली यंत्रे दुरुस्तीला काढली.

मग सात शास्त्रज्ञ माझ्या खोलीत आले. मे महिना होता. ठिपका चार मिलिमीटर सरकलेला सगळ्यांनी पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि खालून भाजत्या मिरचीची झोंबरी खाट आली तसे सातही जण खोकत जिन्यावर पळाले. जाईबाई खालून ओरडल्या, "कोण मरता रे थंय?" अहवालात "स्थानिक हवा प्रतिकूल" अशी नोंद आहे. ती त्या अहवालातली एकमेव खरी नोंद.

२०२० च्या एप्रिलात टाळेबंदी होती. ठिपका हलला नाही. मेमध्येही नाही. मला वाटले, पृथ्वी थांबली की काय! मग ऑक्टोबरात, कधी नव्हे तो, ठिपका चार मिलिमीटर सरकला. त्या आठवड्यात जाईबाईंनी राहिलेल्या गिऱ्हाइकांसाठी भट्टी पेटवली होती. मी उत्तरेच्या भिंतीला हात लावला. चटका बसला.

त्या भिंतीतून जाईबाईंच्या मिरची भाजायच्या भट्टीचे धुराडे वर जाते; भट्टी पेटते ती उन्हाळ्यात, मसाल्याच्या हंगामात. पूर्वी ते अंगणात उघडत असे. मला ठसका लागतो म्हणून डिसेंबर १९९८ पासून मी वॉर्ड ऑफिसात तक्रारीमागून तक्रार केली, तिथेच आमचे बोलणे तुटले, आणि साहेबांनी हुकूम काढला की धुराडे गच्चीपर्यंत न्यावे. ते मार्च १९९९ मध्ये नेले, माझ्याच भिंतीतून. एप्रिलमध्ये मी विश्वाचे रहस्य शोधले. भिंत तापत होती, कंस तिरपा होत होता, तार पिळत होती. आनंदी त्या भिंतीला मिठाचा डबा आणि काडेपेटी टेकवून ठेवी. "इथे मिठाला पाणी सुटत नाही," म्हणे. मी त्याच डब्याशेजारी उभा राहून एकवीस वर्षे ठिपका पाहिला. गाढवपणाला एकक असते तर त्याला माझे नाव द्यायला हरकत नव्हती.

हे मला कळूनही पाच वर्षे मी तोंड उघडले नाही. हितेंद्रची खुर्ची जाईल असे स्वतःला सांगत होतो. खरे कारण, मला जाईबाईंच्या दारात जायची लाज वाटत होती. परवा हितेंद्रचा फोन आला. "सर, मोठं यंत्र मंजूर झालं. तुमच्या नावाचं. दोन पोरं दहा-दहा वर्षं त्यावर देणार." त्या पोरांची दहा वर्षे मी मिरचीच्या धुरात घालवू शकत नाही. आयुष्य माझे वाया गेले ते ठीक, माझ्या हौसेने गेले.

म्हणून: चव्वेचाळीस वह्या हितेंद्रला. मी मरायची वाट न पाहता ऋताने या कलमाची प्रत त्याला आजच पाठवावी. त्याने चूक छापून जाहीर करावी. लेखकांत पहिले नाव जाईबाई परब यांचे असावे, कारण भट्टी त्यांनी पेटवली आणि ती विझवून सिद्धही त्यांनीच केले. हितेंद्र, बाळा, मला माफ कर. तुझा आलेख मात्र फार सुंदर होता.

कलम ५. जाईबाई, तुम्हाला या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला लाभ घेता येत नाही असे वकील म्हणतात. माफी मागितली तर ती लाभात धरतात का, असे मी त्यांना विचारले. त्यांनी फोन ठेवला. तेव्हा मी ती मागतोच. तुम्ही आणि आनंदी एका वाडीतल्या, एकाच वर्षी लग्न होऊन मुंबईत आलेल्या. तिने तुमच्याशी बोलायचे नाही, अशी शपथ मी तिला घातली. ती गेली त्या दिवशी तुम्ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या होता आणि मी दार लोटले. ते माझ्या कोणत्याही वहीत नाही, पण रोज आठवते.

साक्षीदार म्हणजे नुसती सही करणारा, असे मी मानत नाही. प्रयोग स्वतः करून पाहतो तो साक्षीदार. भट्टी आज चालू आहे. वर या, भिंतीला हात लावा. गरम लागली तरच सही करा.

सदर मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहिले, मोठ्याने वाचले, मला पटले.

ठिकाण: लालबाग, मुंबई. दिनांक ११ मे २०२५. सकाळी सात. ठिपका: चार मिलिमीटर.

(सही) गुणाजी सखाराम केळुसकर

साक्षीदार १: डॉ. प्रिती सामंत. गुणाजींनी माझ्यासमोर सही केली. वजनकाटा दुरुस्तीला दिला आहे.

साक्षीदार २: माका डॉक्टरबाईन सगळा वाचून दाखवल्यान. मी जिनो चढून वर इलंय. भिंतीक हात लावलंय. गरम आसा. म्हणान सही करतंय. भावजी, भिंत तापता ह्या आनंदीन माका पयल्याच वर्षी सांगितल्यान. म्हणाली, जाई, ह्यांका सांगा नको, ते ठिपको बघून खूश आसत. आणि गिरगावचो म्हणान जो मसालो तुम्ही खाल्लात, तो माझोच. ती दर मे महिन्यात मागच्या दारान येय.
(सही) जाईबाई धोंडू परब

वरील वाढीव मजकूर मान्य. गु. स. केळुसकर