दार हळू!

३ मार्च
आली एकदाची महाराणी! योस्वेलदादाने मायामीहून धाडलेली विजेवरची गाडी. पांढरीशुभ्र, आवाज नाही, धूर नाही. पप्पांच्या छप्पन सालच्या थोराड टॅक्सीशेजारी उभी केली. आम्ही सगळे आत बसलो — आणि ती टुंईटुंई बोंबलायलाच लागली. दार उघडं! करणार काय? आम्ही जन्मापासून पप्पांचं ओरडणं ऐकतोय, "दार हळू! फ्रिजचं दार आहे का ते?" नवीचं दार कुणाला जोरात लावताच येईना. शेजारीण खिडकीतून म्हणते, "अरे, लावा ते दार, गाडी रडतेय!"

४ मार्च
पप्पा जुनी विकणार. मला विचारलंसुद्धा नाही! तिच्या पोटाखाली माझं निम्मं आयुष्य गेलं. टाकीला भोक पडलं की अंगाचा साबण चोळून बुजवतं कोण? मी! "माझ्यामागे तूच चालव," हे पप्पांचेच शब्द. आता म्हणतात, "पोरी, टॅक्सी हा बाईमाणसाचा धंदा नाही." साबण चोळताना मी कोण होते?

६ मार्च
नवी चांगली आहे. मान्य! गार हवा, ढकलावी लागत नाही, कंबर मोडत नाही. पण तिला वीज पाजायची, आणि आमच्या कामाग्वे गावात वीज असते कुठे? पडलीय अंगणात. पप्पा जुनीच घेऊन धंद्याला गेले. मी चडफडत कॉफी गाळली.

९ मार्च
हवानाहून जुनीला गिऱ्हाईक आलं. आर्सेनिओ म्हणून कुणी. म्हणे टप कापणार, गुलाबी रंग देणार, पर्यटक फिरवणार! टप कापणार!! मी तोंडावर सांगितलं, "आधी स्वतःचं डोकं कापून घ्या." पप्पा डाफरले — माझ्यावरच!

१० मार्च
आर्सेनिओ चक्कर मारायला बसला. धाडकन दार! पप्पा म्हणाले, "दार हळू." परत आला, उतरला — पुन्हा धाडकन! वर दात काढतो, "आता माझीच आहे ना!"
पप्पांनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "तुमची नाही. निघा."
 किल्ली गेली त्यांच्या खिशात. त्याला हाकललं म्हणून गाडी मला दिली असं थोडंच आहे! मी अजून तेवढीच चिडलेली आहे.

११ मार्च
सकाळी पप्पांनी किल्ली माझ्या हातात कोंबली. स्वतः जुनीत शेजारच्या सीटवर बसले — आणि दार आपटलं. धाडकन! पप्पांनी!
"पप्पा! दार हळू!" मी किंचाळले.
"हं," म्हणाले. "आता ओरडायचं काम तुझं."