प्रीतीच्या घरातली आईची खोली

कळवा, रविवार

आईस नयनाचा वाकून नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आम्ही मजेत आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

त्या गुडघ्यामुळे तुला येता आलं नाही, पण काल घोडबंदर रोडला प्रीतीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत छान झाली. बाविसावा मजला, गॅलरीतून खाडी दिसते. मी तोंडभरून कौतुक केलं. आमच्या चाळीच्या जागीही टॉवर येणार म्हणतात. दरवर्षी म्हणतात.

जेवताना प्रीती सगळ्यांसमोर म्हणाली, "ही खोली आईची. आता आई कायमची माझ्याकडे. ताई, तुझ्याकडे तिला जिने चढायला लागतात ना!"

पलंगावर नवी चादरसुद्धा घातलेली. मी हसले आणि वाढायला उठले.

धाकटीचं घर बघून मला वाईट नाही वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं. पण त्या खोलीचं जास्त वाटलं. माझ्याकडे तुझी गादी स्वयंपाकघरातच पडते.

तू लिफ्टच्या घरी राहा, गुडघ्याला बरं. फक्त ठाण्याला उतरलीस की आधी माझ्याकडे ये. चार दिवस राहा. मग मीच तुला तिकडे सोडून येईन.

तुझीच,
नयना